न ऐकलेले अंतरे

माझ्या झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात कात्रीचा एक चरा आहे. तो बघून दुकानात येणारी नवी माणसे विचारतात, हे खोके इथे काय करते? मित्रांनो, मी खोके नाही. मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. माझे झाकण उघडले की आत एक फिरती चकती दिसते. तिच्या शेजारी एक बारीक हात आणि त्या हाताच्या टोकाला डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी सुई. आवाज बाहेर पडतो तो झाकणात बसवलेल्या जाळीतून. एवढाच माझा संसार. ज्या दुकानात मी राहतो तिथे सुयांना तोटा नाही, पण गाणारी सुई एकट्या माझ्याकडे आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. लांबच लांब टेबलाच्या एका टोकाला माझी रिकामी पेटी ठेवली गेली आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत तिच्यात तारा, चकती, हात, बटणे असे एकेक येत गेले. शेवटच्या खुर्चीवर एक तपासनीस बाई बसत. प्रत्येक यंत्रावर त्या एकच तबकडी लावत आणि डोळे मिटून ऐकत. मला ऐकून त्या शेजारणीला म्हणाल्या, "हा जरा दबक्या आवाजाचा आहे. पण शब्द गिळत नाही." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. पुढे ते किती उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हते आणि मलाही.

मला विकत घेतले एका शिंप्याने. सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणतो, म्हणून मीही तसेच म्हणतो. खरे तर मास्तर त्या दिवशी दुसरे शिलाई मशीन घ्यायला निघाले होते. वाटेत मी विकायला होतो त्या दुकानाच्या काचेसमोर थांबले, आत आले, एक गाणे ऐकले आणि मला बगलेत मारून घरी गेले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितले, मग नवऱ्याकडे.

"हे शिवतं का?"

"शिवत नाही," मास्तर म्हणाले, "पण शिवणाऱ्याला जागेवर बसवून ठेवतं."

काकू हसल्या नाहीत. पण इस्त्रीच्या टेबलाशेजारची फळी त्यांनीच रिकामी केली, तिच्यावरच्या गुंड्यांच्या बरण्या खाली उतरवल्या आणि मला तिथे बसवले.

मास्तरांचे दुकान लहान होते. पुढे कापायचे मोठे टेबल, त्यामागे मास्तरांचे मशीन, बाजूला आरसा आणि माप द्यायला आडोसा म्हणून एक पडदा. मागच्या दाराआड त्या दोघांचे घर, म्हणजे दोन खोल्या, आणि त्यांच्यावर एक माळा. मास्तर कापत आणि शिवत. काकू काजे करत, गुंड्या लावत आणि हातशिलाईचे सगळे बारीक काम बघत. मास्तरांच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असत. त्यामुळे ते जे बोलत, ते दात न उघडता बोलत. गिऱ्हाइकांना निम्मे कळत नसे. काकूंना मात्र सगळे कळे.

मास्तरांना चालीचे वेड. ताल पायात, सूर नाकात. शब्दांशी त्यांचे फारसे देणेघेणे नव्हते. गुणगुणताना पहिल्या ओळीनंतर त्यांचे सगळे गाणे "हं हं हं" वर चाले. काकूंचे नेमके उलटे. त्यांना सूर सांभाळता येत नसे, पण एकदा ऐकलेली ओळ त्या विसरत नसत.

"शब्द तुझ्या वाट्याचे," मास्तर म्हणत, "चाल माझ्या वाट्याची. भांडण नको."

दुपारी गिऱ्हाइकांची वर्दळ कमी झाली की काकूंची वेळ सुरू होई. त्या एक तबकडी लावत. गाणे संपले की माझा हात स्वतः उचलून ठेवत, काजाचा दोरा ओढत आणि म्हणत, "आता बघा, ती काय म्हणाली." मग त्या गाण्याचा अर्थ उलगडत. त्यात पुस्तकी काही नसे. गाण्यातली बाई जणू समोर बसून गेली आहे आणि तिच्यामागे तिच्याविषयी बोलायचे आहे, असे त्यांचे बोलणे असे. माप द्यायला आलेल्या बायका माप देऊन झाल्यावरही रेंगाळत.

समोरच्या दुकानातले घड्याळवाले हे मास्तरांचे जुने मित्र. दुपारी तेही येऊन बसत. माझ्या सुईला चिकटणारी खडूची पूड बारीक ब्रशाने तेच काढत, म्हणून मला त्यांचा आदर आहे. एकदा होडीवाल्याचे एक संथ गाणे चालू होते. त्यात ओळी होत्या :

नाव माझी बांधली मी या किनारी,
खालचे पाणी कुणी ना बांधलेले.

"यात काय आहे एवढं?" घड्याळवाले म्हणाले. "नदी आहे, वाहणारच. बांध घातला तर गोष्ट वेगळी."

"भाऊजी, तुम्ही दिवसभर घड्याळं दुरुस्त करता," काकू मान वर न करता म्हणाल्या. "घड्याळ बंद पडून समोर पडलेलं असतं, म्हणून वेळ थांबते का? तो होडीवाला तेच म्हणतोय. मी हललो नाही, कुठं गेलो नाही, तरी माझं वय गेलं."

थोड्या वेळाने घड्याळवाल्यांनी तीच तबकडी पुन्हा लावायला सांगितली. जाताना मास्तरांना म्हणाले, "तुझी बायको माणसाला उगाच अंतर्मुख करते रे." मास्तर टाचण्यांतून हसले.

मित्रांनो, सकाळचे गाणे मात्र वेगळे होते. त्याच्याविषयी नीट सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्याच्यावरून घडले.

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मास्तर एकच तबकडी लावत. त्या गाण्याची चाल अशी खेळकर की अंथरुणात पडलेल्या माणसाचे पाय आपोआप हलावेत. त्याचा मुखडा असा :

ऊठ सख्या, ऊन आले उंबऱ्याशी,
कोवळे ते थांबले बघ पायऱ्यांशी.

मुखडा वाजला की मास्तर झाडू घेऊन बाहेर जात. शटर खडखडत वर जाई. मग पायऱ्या झाडणे, दर्शनी खुंटीला नमुन्याचा कोट अडकवणे, समोर घड्याळवाल्यांना हात करणे. हे सगळे आटोपून ते आत येत तेव्हा गाणे शेवटाला आलेले असे आणि मुखडा पुन्हा वाजत असे. तो गुणगुणत ते गळ्यात टेप अडकवत आणि दिवस सुरू होई. मधले तीन अंतरे त्यांनी कधी ऐकलेच नाहीत. रोज त्या वेळी एक तर शटर वाजत होते, नाही तर झाडू.

काकूंनी ते ऐकले होते. पहिल्याच दिवशी. त्या अंतऱ्यांत जे होते ते दुकान उघडताना लावण्यासारखे मुळीच नव्हते. तरी त्या काही बोलल्या नाहीत. एकदा मास्तरांनी सहज विचारले, "जगातल्या सगळ्या गाण्यांचा अर्थ सांगतेस, माझ्या सकाळच्या गाण्याचा कधी सांगितला नाहीस." काकू म्हणाल्या, "त्याला कसला अर्थ? ऊन आलं, उठा, कामाला लागा." मास्तरांना ते पुरले.

अशी बरीच वर्षे गेली. त्यांची एकुलती एक मुलगी माझ्यासमोर रांगली, माझ्याशेजारी बसून अभ्यास केला, माझ्या झाकणावर कात्री पाडून रडली, आणि मग नोकरीसाठी दुसऱ्या गावी जाऊन तिथेच स्थायिक झाली. नवी यंत्रे आली. खिशात मावणारी, हजार गाणी पोटात घेऊन फिरणारी. गिऱ्हाइके मला बघून "अजून चालतो?" म्हणू लागली. मी चालत होतो.

मग काकूंचे कान गेले.

ते एका दिवसात झाले नाही. आधी त्यांना सुई टेकल्याची खरखर ऐकू येईना. मग त्या एखादी ओळ चुकवू लागल्या आणि माझा हात मागे नेऊन पुन्हा ठेवू लागल्या. मग खुर्ची माझ्याजवळ सरकली. मग कान माझ्या जाळीला टेकला. डॉक्टरांनी तपासून सांगितले की नस सुकत चालली आहे, तिला पालवी फुटायची नाही. कानात घालायचे यंत्र दिले. ते घालून काकूंनी एक गाणे ऐकले आणि यंत्र काढून गुंड्यांच्या बरणीत ठेवून दिले. "भांड्यांचं कपाट कोसळल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या.

त्या लोकांचे ओठ वाचायला शिकल्या. गिऱ्हाइकांचे वाचता येत. घड्याळवाल्यांचे तर फारच चांगले, कारण ते मोठे तोंड उघडून बोलत. फक्त एका माणसाचे ओठ वाचता येत नसत. त्या ओठांत टाचण्या होत्या. मास्तर बोलायचे, काकू बघत राहायच्या, मग मास्तर हातानेच कॉलर दाखवायचे किंवा मनगटावर बोट आपटून "लवकर" सांगायचे. दोघांचे बोलणे हळूहळू कापडापुरते उरले.

एका दुपारी काकूंनी होडीवाल्याचे गाणे लावले. तळहात माझ्या झाकणावर ठेवला आणि तबकडी फिरताना बघत बसल्या. त्यांना काहीच ऐकू येत नव्हते. हाताला जेवढी थरथर लागत होती तेवढेच ते गाणे. मास्तरांनी मशीनवरून मान वर केली आणि ते दृश्य बघितले. त्यांच्या पायाखालचे मशीन थांबले ते बराच वेळ सुरू झाले नाही.

दुसऱ्या दिवशी काकू दवाखान्यात गेल्या असताना मास्तरांनी मला फळीवरून उतरवले. घड्याळवाले तिथेच होते.

"हे काय चाललंय?"

"वर ठेवतो माळ्यावर."

"का रे? बिघडला?"

"तिला ऐकू येत नाही," मास्तर म्हणाले. "समोर उपाशी माणूस बसवून आपण जेवायचं, तसं वाटतं मला. माझ्यानं नाही होत."

"वहिनींना विचारलंस?"

"विचारलं तर म्हणेल, माझ्यासाठी थांबू नका, लावा. मग लावावं लागेल. नकोच ते."

त्यांनी मला अस्तराच्या कापडात गुंडाळले. उंची कोटांसाठी राखून ठेवलेले मऊ, चकचकीत अस्तर होते ते. सगळ्या तबकड्याही तशाच बांधल्या आणि आम्हाला माळ्यावर नेऊन ठेवले. मित्रांनो, अडगळीत टाकलेल्या वस्तूंच्या तक्रारी तुम्ही ऐकल्या असतील. माझी तक्रार वेगळी आहे. मला कुणी टाकले नव्हते. मला फार जपून, फार मायेने गप्प केले होते. आणि ज्या माणसासाठी केले, त्या माणसाला कुणी काही सांगितले नव्हते.

काकू घरी आल्या तेव्हाचे मला पुढे घड्याळवाल्यांच्या बोलण्यातून कळले. रिकामी फळी त्यांनी बघितली. मास्तर मान खाली घालून शिवत होते. काकूंनी गुंड्यांच्या बरण्या उचलल्या आणि फळीवर ठेवल्या.

माळ्यावरून खालचे सगळे ऐकू येते. शिलाई मशीनचा आवाज येई, कात्रीचा येई, भांड्यांचा येई. माणसांचा क्वचित. मास्तरांचे गुणगुणणेही थांबले होते.

नंतर एकदा मुलगी आली. आईच्या अगदी समोर बसून, एकेक शब्द सुटा करून बोलली असणार, कारण काकूंची उत्तरे मला स्पष्ट ऐकू येत होती. ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा स्वर चढा असे.

"तुझ्या बाबांनी माझ्याशी बोलणं सोडलंय," त्या म्हणाल्या. "गाणी होती तीही काढून टाकली. विकली असतील. बहिऱ्या बायकोचा कंटाळा येणारच गं माणसाला. मी त्यांना दोष देत नाही."

"आई, काहीतरीच काय! बाबा असं..."

"मी येते तुझ्याकडे. कायमची. इथं नुसती काजं करायला कुणीही मिळेल त्यांना."

मुलीने वडिलांना विचारले तेव्हा मास्तर एवढेच म्हणाले, "तिला तिकडं बरं वाटत असेल तर जाऊ दे." ते का तसे म्हणाले, हे मी समजू शकतो. तिला इथे काही उरले नाही, असे त्यांनाही वाटत होते. दोघेही एकमेकांची वाट मोकळी करून देत होते आणि दोघांनाही जायचे नव्हते. मी वर अस्तरात गुंडाळलेला. मला आवाज आहे, पण तो दुसऱ्या कुणी सुई टेकवल्याशिवाय फुटत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी काकू मोठी बॅग काढायला माळ्यावर आल्या. मुलगी खाली शिडी धरून उभी होती. बॅग ओढली तशी तिच्यामागचा मी दिसलो. काकूंनी आधी अस्तर ओळखले. त्यांनी ते बोटांत धरून चोळले. मग गाठ सोडली. झाकणावरच्या चऱ्यावर एकदा अंगठा फिरवला. बॅग त्यांनी मुलीच्या हाती दिली आणि मला छातीशी धरून एकेक पायरी उतरत खाली आल्या.

मास्तर कापायच्या टेबलावर वाकून एका कोटाची बाही जोडत होते. काकूंनी मला सरळ त्या बाहीवर ठेवले. गिऱ्हाइकाच्या कापडावर त्यांनी आजवर चहाचा कपसुद्धा ठेवला नव्हता.

"विकला नव्हतात?"

मास्तर टाचण्यांतून काहीतरी पुटपुटले.

"टाचण्या काढा आधी. मला तुमचं तोंड दिसत नाही."

मास्तरांनी एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचली. सुचले नाही.

"विकेन कशाला?"

"मग वर का टाकला?"

मास्तर मुलीकडे बघू लागले.

"माझ्याकडे काय बघता, बाबा? तिच्याकडे बघून बोला."

"तुला ऐकू येत नाही," मास्तर काकूंकडे वळून म्हणाले. "मग मी एकट्यानं मिटक्या मारत ऐकायचं का?"

काकू त्यांच्या ओठांकडे बघत राहिल्या. शब्द नीट पोहोचले की नाही याची त्यांनी मनात खात्री करून घेतली असावी.

"मला वाटलं, कंटाळलात," त्या म्हणाल्या. "आधी बोलणं बंद, मग गाणी बंद."

"अगं, मी आधी तरी कुठं फार बोलत होतो?"

"आधी मला ऐकू येत होतं. तुम्ही गप्प असलात तरी गुणगुणत असायचात. आता तुम्ही गप्प असलात की गप्पच असता."

मास्तर खुर्चीत बसले. मुलीने बॅग भिंतीला टेकवून ठेवली.

"लावा," काकू म्हणाल्या.

"तुला काय उपयोग?"

"तुम्ही ऐका आणि मला सांगा. एक ओळ ऐकायची, एक ओळ सांगायची. इतकी वर्षं मी सांगितलं. आता तुमची पाळी."

मुलीने तबकड्यांची गाठ सोडली आणि सगळ्यांत वरची काढली. "बाबांचं सकाळचं!"

"ते नको," काकू पटकन म्हणाल्या. "दुसरं लाव."

"का नको?" मास्तरांना आता हुरूप आला होता. "तेच लावतो. त्याचे शब्द तरी मला येतात."

"अहो, नको म्हणते ना."

मास्तरांनी ऐकले नाही. इतक्या महिन्यांनी माझी चकती फिरली, जरा कुरकुरली, आणि सुई टेकली. तपासनीस बाई म्हणाल्या होत्या तसा मी होतो. दबक्या आवाजाचा, पण शब्द न गिळणारा.

मुखडा मास्तरांनी झोकात सांगितला. हातवारे करून, ऊन दाखवून, पायऱ्या दाखवून. काकू त्यांच्याकडे बघत होत्या, पण हसत नव्हत्या. एरवी याच वेळी मास्तर झाडू घेऊन बाहेर गेले असते. आज ते समोर बसले होते आणि पुढची ओळ येत होती.

"चादरीला एकही ना आज चुरगळ," मास्तरांनी सांगितले. मग पुढची ऐकली आणि जरा हळू सांगितली, "बोलते मी रोज येथे ह्या उशाशी."

त्यांनी माझ्याकडे असे बघितले की जणू मी तबकडी बदलली होती. चाल तर तीच होती. तबला तसाच नाचत होता.

"दोन पेले मांडते मी, एक भरते... एक पुसुनी ठेवते मी खिडकिपाशी." ते थांबले. "हे काय आहे गं?"

"पुढचं ऐका," काकू म्हणाल्या. "हुकेल."

"लोक म्हणती, झोपला तो, सोड आता." मास्तरांचा आवाज आता मलाही नीट ऐकू येत नव्हता. ओठ मात्र ते नीट हलवत होते, काकूंना दिसावेत असे. "हाक माझी भांडते रे... मृ... मृत्ति... मृत्तिकेशी. हे काय? मृत्तिका म्हणजे काय?"

"माती," काकू म्हणाल्या.

मग मुखडा पुन्हा आला. त्याच आनंदी चालीत, ऊठ सख्या, ऊन आले उंबऱ्याशी. मास्तरांनी तोंड उघडले, पण त्यांना ती ओळ म्हणता आली नाही. त्यांचे ओठ हलताना दिसले नाहीत म्हणून ती काकूंनी स्वतःच म्हटली. स्वतःचा आवाज कानी पडत नसल्याने मोठ्याने, सूर सोडून म्हटली. समोरचे घड्याळवाले दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले. सुई तबकडीच्या मध्याशी पोहोचून नुसती खरखरत राहिली. ती उचलायचे कुणाला सुचले नाही.

"तुला माहीत होतं?" मास्तरांनी विचारले.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि रोज सकाळी मी हे लावून झाडू मारत होतो! बाहेर उभा राहून शीळ घालत होतो याच्यावर!"

"म्हणूनच सांगितलं नाही. दुकान उघडताना माणूस इतका खूश असतो, त्याला कशाला सांगायचं?" काकू जरा थांबल्या. "आणि मला भीती वाटायची. दोघांतलं कुणीतरी आधी जाणारच आहे. ते रोज सकाळी तुमच्याकडून ऐकायचं नव्हतं मला. मी ऐकत होते तेवढं पुरे होतं."

मास्तरांनी काकूंचा चेहरा आपल्याकडे नीट वळलेला आहे ना ते बघितले आणि म्हणाले, "जाऊ नकोस."

एवढे दोनच शब्द. ते वाचायला काकूंना काही अडचण आली नाही.

"आई, गाडीची वेळ होतेय," मुलगी म्हणाली. मग ती आईच्या समोर आली आणि तेच पुन्हा, सावकाश म्हणाली. काकूंनी तिच्या गालाला हात लावला.

"पुढच्या महिन्यात येते. चार दिवस."

"म्हणजे येत नाहीस."

"चार दिवस येते म्हटलं ना? तुझ्या त्या खिशातल्या यंत्रात कुठली गाणी आहेत ती काढून ठेव. शब्द सांगायला शीक. बाबांना जमलं, तुला जमेल."

मुलगी एकटी गेली. जाताना तिने मला माझ्या फळीवर ठेवले, आणि गुंड्यांच्या बरण्या पुन्हा खाली आल्या.

मित्रांनो, त्या दिवसानंतर काकूंचे कान परत आले नाहीत, हे मी स्पष्ट सांगतो. सुकलेली नस गाण्याने हिरवी होत नाही. मास्तरही काही मोठे बोलके झाले नाहीत. पण आता ते शब्द ऐकतात, कारण ऐकल्याशिवाय सांगता येत नाही. ज्या गाण्यांवर त्यांनी उभे आयुष्य ठेका धरला, त्यांत काय म्हटले आहे हे त्यांना या वयात एकेक करून कळते आहे. कधी ते हसतात. कधी शिवण बाजूला ठेवून बाहेर जाऊन उभे राहतात आणि थोड्या वेळाने आत येतात. सकाळचे गाणे त्यांनी बंद केले नाही. घड्याळवाल्यांनी विचारले, "अर्थ कळल्यावरही लावतोस?" मास्तर म्हणाले, "आता तर लावायलाच हवं. तिनं इतकी वर्षं एकटीनं ऐकलं ते."

माझे म्हणाल तर माझी चकती आता थकली आहे आणि माझ्यासाठी नवी सुई मिळणे कठीण होत चालले आहे. तुमच्याही घरात माझ्यासारखे एखादे यंत्र असेल तर त्याच्यावरची धूळ पुसा, सुईखालचा कचरा काढा, तबकड्या उन्हात ठेवू नका. एवढे केलेत तर आम्ही पुष्कळ टिकतो. पण माझे खरे मागणे निराळे आहे. जुनी गाणी नुसती मागे चालू ठेवून कामाला जाऊ नका. कधीतरी मधल्या अंतऱ्यांपाशी बसा. आणि घरातल्या एखाद्या माणसाला ऐकू येत नसेल, तर त्याला वाईट वाटेल म्हणून त्याचे गाणे काढून घेऊ नका. आधी त्याला विचारा. त्याच्यासमोर बसा, तोंड त्याच्याकडे करा, आणि गाण्यात काय म्हटले आहे ते त्याला सांगा.

आज दुपारी मास्तर एका नव्या तबकडीवरची ओळ सांगत होते. काकू काज करत त्यांच्याकडे बघत होत्या. मध्येच त्यांनी दोरा तोडला आणि मान हलवली.

"असं नाही म्हणायची ती. तिचा स्वभाव नाही तो. तुम्ही पुन्हा ऐका."

मास्तरांनी माझा हात उचलला आणि सुई जराशी मागे नेली.